मधल्या नावाचा हिवाळा

परवा घड्याळं मागे गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा देश झोपेतच एक तास मागे सरकतो आणि सकाळी उठून लोक एकमेकांना सांगतात की बघा, एक तास जास्त झोपायला मिळालं. माझा नवरा सिद्धार्थही सांगतो, दरवर्षी, पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखं. मला त्या सकाळी कुणाशीतरी भांडावंसं वाटत असतं. इंग्लंड मागे गेलं की नागपूर आणखी एक तासाने लांब जातं. उन्हाळ्यात जे अंतर मी सवयीने पार करायची, ते हिवाळ्यात अचानक वाढायचं. बाबा गेल्यावरही ते वाढतंच. आता खरं तर मला त्याच्याशी काही देणंघेणं असायला नको.

या दिवसांत लेस्टरला चारच्या सुमाराला अंधारायला लागतं. बेलग्रेव्ह रोडवर दिव्यांच्या माळा लागलेल्या असतात, मिठाईच्या दुकानांतून तुपाचा वास रस्त्यावर येतो, आणि तिथून दोन गल्ल्या आत वळलं की ओली पानं, बंद दारं आणि खिडक्यांतले निळे टीव्ही. आमची गल्ली या दुसऱ्या प्रकारातली. घरं जोडीजोडीने बांधलेली, मधे एकच भिंत. आमच्या भिंतीपलीकडे जोन राहते. तिचा रेडिओ आम्हाला ऐकू येतो आणि आमच्या फोडणीचा वास तिला जातो. इतक्या देवघेवीवर आमची ओळख बरीच वर्षं चालली होती. बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात ती पुढे सरकली.

त्या हिवाळ्यात मी अडकले होते. हे शब्दशः घ्या. आमच्या व्हिसाची मुदत वाढवायचे अर्ज गेले होते. सिद्धार्थचा मंजूर झाला, लेकीचा झाला, माझा राहिला. अर्ज चालू असताना देशाबाहेर पाऊल टाकलं की तो मागे घेतला असं धरतात. मग पुन्हा भारतातून नवा अर्ज, नवी फी, आणि किती महिने ते कुणीच सांगत नाही. लेक तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. निकाल लागल्याशिवाय नवी नोकरीही कुणी देत नव्हतं. आणि नागपूरला बाबांच्या किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा दुपारभर त्यांना डायलिसिसच्या मशीनला जोडून ठेवायचे. आई आधीच गेली होती. मी एकुलती एक. माझा चुलतभाऊ प्रवीण त्यांना स्कूटरवर बसवून न्यायचा आणि आणायचा.

दार उघडं होतं, बाहेर पडायला कुणी अडवत नव्हतं. फक्त गेलं तर परत कधी येणार ते माहीत नव्हतं. अशा दाराकडे रोज बघत राहण्यापेक्षा कडी लावलेली परवडते.

आता, माझाच अर्ज का अडकला? मधल्या नावामुळे. मी पहिल्यांदा इथे आले ते लग्नाआधी काढलेल्या पासपोर्टवर, प्रज्ञा सुखदेव मेश्राम. सुखदेव म्हणजे बाबा. पुढे पासपोर्ट संपला, नवा काढला, त्यावर प्रज्ञा सिद्धार्थ रामटेके झाले. आपल्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. मुदतवाढीचा अर्ज भरताना मात्र एका रकान्यात माझ्या हातून सवयीने जुनं नाव गेलं. शाळेत पहिलीपासून जे नाव लिहिलं ते हाताला पाठ असतं, हात काही लग्न करत नाही. तिकडून विचारणा आली. आडनाव लग्नानंतर बदललेलं त्यांना समजत होतं, त्यांच्या आज्याही बदलत आल्या. मधलं नाव का बदललं, हे समजत नव्हतं. मी पानभर समजावून लिहिलं की आमच्याकडे मधे बापाचं नाव असतं आणि लग्नानंतर तिथे नवऱ्याचं येतं. उत्तर आलं की या दोन व्यक्ती एकच असल्याचा पुरावा जोडा.

याच सुमारास जोनने कुंपणावरून विचारलं, ‘तुझे डोळे चांगले आहेत का?’

तिचे गेले होते. समोरचं माणूस कडेकडेने दिसायचं, मधोमध धुकं. तिला आपल्या माहेरची वंशावळ पुरी करायची होती, आणि ती ज्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत होती त्यांची पानं आता कॉम्प्युटरवर पाहता येत होती, पण ती वाचायची कुणी? मी मोकळीच होते. नागपूरला असताना मी आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समनचं काम केलेलं, तेव्हा किचकट अक्षर आणि बारीक रेघ यांची मला भीती नव्हती. शिवाय तिच्या घरात हीटर आमच्यापेक्षा जास्त वेळ चालू असायचा, हेही सांगून टाकते.

तिचं माहेरचं आडनाव बिब. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट चालत आलेली, की आपण हॅल्स्टन घराण्याचे. हे हॅल्स्टन म्हणजे गावचे जमीनदार. चर्चमध्ये त्यांची दगडी कबर आहे, तिच्यावर नवरा-बायको हात जोडून उताणे झोपलेले, आणि डोक्याशी त्यांची ढाल, तिच्यावर तीन पक्षी. जोनच्या मनात होतं की आपली वंशावळ काढायची आणि तिच्या माथ्यावर ती ढाल रंगवायची. कधीतरी एखाद्या बिबाने हॅल्स्टनची मुलगी केली असणार, एवढा तो दुवा तिला हवा होता.

लेकीला शाळेत सोडलं की मी तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसायची. चहा, एक बिस्कीट, आणि समोर शतकं जुनी पानं. बाप्तिस्मा, लग्न, दफन. पाद्री बदलला की अक्षर बदलायचं. एकाचं टपोरं, एकाचं इतकं कोतं की त्याला शाई घरून आणावी लागत असेल असं वाटायचं. एकाच आईबापाला जॉन होतो, काही ओळींनी तो पुरला जातो, आणि पुढच्या पानावर पुन्हा जॉन होतो. पहिल्यांदा मला वाटलं की पाद्र्याची चूक असेल. जोन म्हणाली, ‘चूक नाही. नाव रिकामं झालं होतं ना.’ त्यानंतर बराच वेळ मी पान उलटलं नाही. दफनांत मधेच यायचं, एक गरीब बाई, वाटेवर मेलेली, नाव ठाऊक नाही. तिच्यासाठीही पाद्र्याने एक ओळ खर्च केली होती.

घराण्यांच्या वंशावळी मात्र वेगळ्याच. जोनच्या कपाटात परगण्याच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ होता, त्यात हॅल्स्टनांचा वृक्ष छापलेला. तिथे कुणी वाटेवर मरत नव्हतं. जमीन, पदवी, थोरला मुलगा, त्याचा थोरला मुलगा. खाली कोपऱ्यात ‘आणि मुली’. नावं नाहीत, नुसत्या मुली. एकुलत्या एक मुलीने असलं काही वाचू नये. जोनने सांगितलं की पूर्वी राजाची माणसं घोड्यावरून परगण्यांत फिरायची आणि कुणाला ढाल मिरवायचा हक्क आहे, कुणाला नाही, ते तपासायची. ज्याचा हक्क ठरत नसे त्याचं नाव गावात जाहीर वाचून दाखवायचे की हा मनुष्य खानदानी नाही.

हे मी बाबांना सांगितलं. ते मशीनला जोडलेले असत तेव्हा इथे सकाळ असायची, आणि प्रवीण फोन त्यांच्या उशीला टेकवून चहा प्यायला जायचा. बाबा सूतगिरणीत फिटर होते. उभं आयुष्य मशीन बंद पडलं की ते चालू करण्यात गेलं, आणि आता मशीनने त्यांना चालू ठेवलं होतं.

‘म्हणजे घोड्यावर बसून जात तपासत होते,’ बाबा म्हणाले. ‘आपल्याकडे तर पायीच तपासते बाप्पा.’

आणि हसले. मशीनच्या आवाजात ते हसू अर्धंच ऐकू आलं.

आमच्या घरात वंशावळ म्हणजे बाबा, त्यांचे वडील आणि वडिलांचे वडील. त्यापलीकडे गाव ज्या हाकेने बोलवायचं ती हाक, आणि ती बाबांनी मला कधी सांगितली नाही. लहानपणी मी हट्ट केला तर म्हणायचे, ‘ते नाव घरात आणायचं नाही म्हणून तर एवढं चालत आलो.’ त्यामुळे जोनचं काम मी मनात थोडी चीड ठेवूनच करत होते. हिला ढाल हवी. रविवारी केक भाजणाऱ्या, मांजराला आजारपणात मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला कशाला हवी ढाल? असं मी सिद्धार्थला विचारायची. तो म्हणायचा, ‘तुला घरात बसून चिडण्यापेक्षा तिकडे बसून चिडलेलं बरं नाही का?’

बाबांना मात्र गोष्टीची गोडी लागली. दुपारभर छताकडे बघत पडायचं, हलायचं नाही, पाणीसुद्धा मोजूनमापून. त्यांना काहीतरी हवंच होतं. मी दर वेळी जेवढं सापडलेलं असे तेवढं सांगायची. ढालीवरच्या पक्ष्यांना पाय नसतात, हेही सांगितलं. खरंच नसतात, तशीच रीत आहे काढायची, मांड्यांपाशी पिसांचे झुपके आणि संपलं.

‘मग बसते कुठं?’

‘बसत नाही बाबा. उडतच राहतो म्हणे.’

‘थकत असंल,’ ते म्हणाले.

एका सकाळी लेकीला बरं नव्हतं म्हणून ती शाळेत गेली नव्हती. ती माझ्या मागून फोनमध्ये डोकावली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, ‘आजोबा मशीनमध्ये का झोपली आहे? बाहेर ये ना, आजोबा.’ बाबा म्हणाले, ‘सोडून नाही राहिले ना वं मला हे लोक.’ ‘मम्मालापण नाही सोडत,’ ती म्हणाली आणि खेळायला पळाली.

बिबांच्या नोंदींत मला एक थॉमस सापडला. थॉमस हॅल्स्टन बिब, लग्नाची नोंद, व्यवसाय चाके बनवणे. जोन टेबलावर हात आपटून म्हणाली, ‘देअर ही इज!’ मी लगेच कच्च्या कागदावर थॉमसच्या वर एक चौकट काढली आणि तिच्यात त्याच्या बापाचं नाव लिहिलं, हॅल्स्टन. हॅल्स्टन बिब. मग या हॅल्स्टन बिबाचा बाप्तिस्मा शोधत बसले. आधीची पानं, शेजारचं गाव, त्याच्या शेजारचं गाव. असा माणूस कुठेच जन्मलेला नव्हता. शेवटी जोनने विचारलं, ‘पण हा हॅल्स्टन बिब तुला मिळाला कुठून?’

‘मधलं नाव आहे ना. बापाचं.’

ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. ‘डार्लिंग, मधलं नाव बापाचं नसतं. ते असंच असतं, शोभेला. आवडलं म्हणून ठेवतात. माझं मधलं नाव पर्ल आहे, माझा बाप काही मोती नव्हता.’ तिचं म्हणणं होतं की थॉमसची आई हॅल्स्टनांची, म्हणून तिचं माहेर मुलाच्या नावात आलं. मी चौकट खोडली. मला राग आला होता. माझ्या अर्जावर जे चाललं होतं तेच इथे चहा-बिस्किटासकट चाललं होतं.

बाबांना सांगितलं तर ते जोनवरच चिडले. ‘शोभेला काऊन ठेवंल? मधलं नाव बापाचं नाही तर कोणाचं असते?’

‘इथे नसतं बाबा.’

‘तू खोडायला नको होतं.’

वर्ष संपत आलं. वकील म्हणाला की समजावणं पुरे, आता एक शपथपत्र द्या, साधं आहे. मजकूर त्यानेच दिला. मी, अमुक, जाहीर करते की माझं पूर्वीचं नाव मी सोडून दिलं आहे आणि यापुढे ते कोणत्याही कारणासाठी वापरणार नाही. खाली पूर्वीचं नाव. प्रज्ञा सुखदेव मेश्राम. मी तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला आणि दूध काढताना, भाजी काढताना बघत राहिले. सिद्धार्थ म्हणाला, ‘अगं, इट्स जस्ट पेपरवर्क. सही कर आणि जा बाबांकडे.’ त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला तो त्या आठवड्यात सहन होत नव्हता. बापाला भेटायला जायचं तर आधी त्याचं नाव टाकून द्यायचं.

फोनवर मी हे हसत हसत सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

बाबा म्हणाले, ‘रडून काऊन राहिली? काढ ना. कागदावरून काढल्यानं बाप थोडीच निघून जाते.’

मी सही केली आणि कागद पाठवला.

त्यानंतर जानेवारीतल्या एका सकाळी थॉमसचा बाप्तिस्मा सापडला. मी तो बिब जोडप्यांच्या मुलांत शोधत होते, म्हणून इतके दिवस माझ्या नजरेतून सुटला होता. पानाच्या तळाशी, घाईच्या अक्षरात, एका ओळीत. थॉमस हॅल्स्टन, ॲन बिब हिचा अनौरस मुलगा. बाप म्हणून कुणीच नाही. ॲन हॅल्स्टनांच्या वाड्यावर कामाला होती हे आम्हाला आधीच दुसऱ्या एका नोंदीतून माहीत होतं. लग्नाचा बाप नाही म्हणून मुलाला आडनाव आईचं मिळालं, आणि ज्याने कधी कबूल केलं नाही त्या माणसाचं नाव तिने मुलाच्या नावात मधे बसवून टाकलं. जोन म्हणाली की अशा बायका असं करायच्या, हे तिने ऐकलं होतं, पण आपल्या घरात असं असेल हे मनात आलं नव्हतं. पाद्र्याने ते लिहिलं. सगळ्या गावासमोर लिहिलं गेलं.

मी जाडा ग्रंथ काढला. हॅल्स्टनांचा शेवटचा वारस त्याच वर्षांतला. त्याच्या नावाखाली छापलं होतं, निपुत्रिक वारला, घराणं खुंटलं. खुंटलेल्या घराण्याची लेक माझ्यासमोर बसून थंड झालेला चहा ढवळत होती.

‘मग ढालीचा हक्क नाही,’ ती म्हणाली. ‘अनौरसाला नसतो.’ ती उठून खिडकीशी गेली आणि तिच्या त्या कडेकडेच्या नजरेने बागेत बघत राहिली. मला माझ्या चिडीची लाज वाटली. या बाईला हवी होती ती ढाल मला वाटली तेवढी मोठी नव्हती. नवरा गेला, मूल नाही, डोळे चाललेले. तिला कुठेतरी जोडलेलं असायचं होतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी बाबा मशीनवर होते. मी म्हटलं, ‘बाबा, सापडलं. त्या थॉमसचं सगळं सापडलं.’

‘काय झालं त्या पोट्ट्याचं? कोण होता बाप?’

मी थांबले. वकिलाचा ईमेल आला होता की आता निकाल कधीही येईल. मी मनात बॅग भरत होते. त्यांच्या खाटेशी बसून, त्यांचा तो सुया टोचून टणक झालेला हात धरून सांगायचं, असं माझ्या मनात आलं. त्यांना वाट बघायला काहीतरी ठेवावं, असंही आलं.

‘आल्यावर सांगते.’

‘लबाड आहेस,’ ते म्हणाले. ‘ये मग लवकर. मी कुठं जाऊन राहिलो.’

तेच शेवटचं बोलणं. त्या आठवड्याच्या दुसऱ्या फेरीला जायच्या आधीच घरी त्यांचं हृदय बंद पडलं. प्रवीणने फोन केला तेव्हा मी लेकीच्या शाळेबाहेर उभी होते, हातात तिचा छोटा कोट. मंजुरीचा ईमेल बाबांचे अंत्यसंस्कार आटोपल्यावर आला. त्यावर माझं नाव एकदम स्वच्छ होतं, कुठेही गडबड नाही.

मी पुण्यानुमोदनाला पोचले. वस्तीतल्या विहारात पांढऱ्या साड्यांतल्या बायका, बाबांच्या फोटोला मेणबत्ती, वंदना. सिद्धार्थला तिथे कुणी फारसं ओळखत नव्हतं. ‘सुखदेवची पोरगी आली,’ असं एकीने दुसरीला सांगितलं आणि मला बसायला जागा झाली. मी प्रवीणला म्हटलं की बाबांना मला एक गोष्ट सांगायची होती, ती राहूनच गेली.

‘ती इंग्रजाची ना?’ प्रवीण म्हणाला. ‘अगं, काकांनी तर ती वॉर्डात सगळ्यांना सांगितली होती. शेवटच्या डायलिसिसला आजूबाजूच्या खाटांवरच्या पेशंटला ऐकवून राहिले होते. पोट्ट्याचा बाप त्याच्या नावातच बसून आहे म्हणे. माझ्या पोरीनं पहिल्याच दिवशी बरोबर लिहिलं होतं, त्या बाईनं खोडायला लावलं.’

मी विहाराच्या पायरीवर बसून रडले, तिथे रडायला परवानगी लागत नव्हती.

लेस्टरला परतले तेव्हा झाडांना पालवी फुटायला लागली होती. घड्याळं पुन्हा पुढे गेली होती आणि नागपूर एक तासाने जवळ आलं होतं, नको त्या वेळी. जोनने दार उघडलं, मला आत घेतलं आणि चहा ठेवला. मग म्हणाली, ‘तयार असशील तेव्हा वंशावळ पक्की काढूया. चांगल्या कागदावर.’ मी विचारलं, ढाल? ती म्हणाली, ‘पक्षी राहू देत. बिनपायाचे आहेत, कुठे जातील? पण ॲनचं नाव सगळ्यांत मोठं लिही.’

मी ते काम पेनाने आणि पट्टीने केलं, शिकलेलं सगळं वापरून. ॲनचं नाव मोठं लिहिलं. तिच्या शेजारी हॅल्स्टनची चौकट काढली, आणि ग्रंथात नव्हती ती रेघ दोघांपासून थॉमसपर्यंत आणली. जोनच्या सगळ्या आत्या-मावश्या नावानिशी घातल्या. शेवटी उजव्या कोपऱ्यात खाली, जिथे काढणाऱ्याचं नाव येतं, तिथे पेन टेकवला. शपथपत्रातलं वाक्य मला पाठ होतं. कोणत्याही कारणासाठी वापरणार नाही. मी मग हाताला लिहू दिलं.

तो कागद काचेखाली जोनच्या जिन्यापाशी लावलेला आहे. परवा घड्याळं मागे गेली त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते, तिला नीट दिसत नाही म्हणून भिंतीवरचं घड्याळ लावून द्यायला. ती जिन्याशी उभी होती, भिंगातून कोपरा वाचत, तोंड एका बाजूला वळवून, कारण मधलं तिला दिसत नाही.

‘इतकी वर्षं हे खालचं मी वाचलंच नाही बघ,’ ती म्हणाली. ‘प्रज्ञा. मेश्राम. आणि मधे हे कोण आहे?’

‘माझे वडील,’ मी म्हटलं.

ती भिंग तसंच धरून पुन्हा वाचायला लागली, सावकाश, एकेक अक्षर करून. सु-ख-दे-व.